दहाव्या नंबरानंतर

२०२३-२४च्या हंगामात बेंगळुरू एफसी इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या, बारा संघांत दहावा आला. खाली उरले फक्त जमशेदपूर आणि हैदराबाद. जगात बहुतेक ठिकाणी इतक्या तळाला गेलेल्या संघाचे पाठीराखे शेवटचे सामने जीव मुठीत धरून बघतात, कारण तळाच्या दोन-तीन संघांची रवानगी खालच्या लीगमध्ये होते. आयएसएलमध्ये तसं काही नव्हतं. दहावे आलात? ठीक आहे, पुढच्या वर्षी पुन्हा इथेच या. त्या एप्रिलमध्ये आमच्या स्टँडमध्ये भीती नव्हती. होता तो चिडका कंटाळा, आणि मला तो भीतीपेक्षा वाईट वाटला. रेलिगेशनची भीती काय असते, हे मी मुंबईत जवळून बघितलं होतं.

मी गिरगावची. बाबा फोर्टमधल्या एका बँकेत होते. शनिवारी बँक अर्धा दिवस असायची, ती सुटली की ते मला घेऊन कूपरेज मैदानावर जायचे. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, हार्वुड लीगमधले ऑफिसांचे संघ, जे असेल ते बघायचं. २०१० साली महिंद्राने संघ बंद केला. २००५-०६चे राष्ट्रीय विजेते होते ते. बाबांनी त्यानंतर मुंबई एफसीचा पिवळा शर्ट घेतला. २००७ साली निघालेला क्लब, पुढच्याच वर्षी आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, पोचलेला. मधली काही वर्षं मैदानाच्या कामामुळे घरचे सामने पुण्याला बालेवाडीत गेले, तर बाबा ट्रेनने पुणे गाठायचे. आई म्हणायची, पंढरपूरला एवढं गेला असतात तर पुण्य लागलं असतं.

खालिद जमील तेव्हा प्रशिक्षक. सात वर्षं त्यांनी तो संघ सांभाळला. पैसा कमी, नावाजलेले खेळाडू कमी, त्यामुळे खेळ ठरलेला: नऊ-दहा जण चेंडूच्या मागे, मैदानाचा मधला पट्टा गच्च बंद, संधी मिळाली की एक लांब चेंडू किंवा कॉर्नर. बघायला सुंदर नव्हता तो खेळ. पण मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल कूपरेजला येऊन वैतागून जायचे, आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. दर हंगामाच्या शेवटी बाबा पेपरातला गुणतक्ता कापून ठेवायचे आणि पेनाने रेलिगेशनच्या रेषेवर एक जाड रेघ मारायचे. आमचं नाव त्या रेघेच्या वर असलं की रविवारी घरात श्रीखंड यायचं. विजेतेपदाचा विषयच नव्हता. टिकून राहणं हेच आमचं विजेतेपद.

२०१६-१७मध्ये जमील गेले. प्रशिक्षक बदलला, हंगामाच्या मध्यावर पुन्हा बदलला, खेळ बदलला. विजय येईनासे झाले. मुंबई एफसी तळाला गेला आणि रेलिगेट झाला. त्याच वसंतात जमील यांचा ऐझॉल एफसी भारताचा विजेता झाला. तोच ऐझॉल आदल्या वर्षी मैदानावर घसरलेला होता, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे लीगमध्ये राहिलेला. ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये त्यांनी एक गुण मिळवला आणि ट्रॉफी घेतली. बाबांनी तो सामना टीव्हीवर बघितला, उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि मग बराच वेळ गॅलरीत जाऊन बसले. जमीलबद्दल आनंद आणि आपल्या संघाबद्दलचं दुःख एकाच संध्याकाळी एकाच माणसाच्या मनात कसं मावतं, ते मी तेव्हा पाहिलं.

तरी बाबा मोडले नव्हते. ते म्हणाले, "सेकंड डिव्हिजन तर सेकंड डिव्हिजन. कूपरेजच ना? गर्दी कमी असेल, बसायला चांगली जागा मिळेल." पुढच्या हंगामाची त्यांनी मनात तयारी केली होती. तो हंगाम आलाच नाही. क्लबच बंद झाला. खाली पडलेल्या संघाला पुन्हा वर चढताना बघण्याचा जो हक्क पाठीराख्याला असतो, तो त्यांना मिळाला नाही. मुंबई सिटी एफसी शहरात होता, श्रीमंत होता, पुढे विजेताही झाला. बाबांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. मी त्यांना कधी समजवायला गेले नाही.

त्याच वर्षी नोकरीसाठी मी बेंगळुरूला आले. जुन्या विमानतळाजवळ मुरुगेशपाळ्यात घर घेतलं, म्हणजे एचएएलच्या विमान कारखान्याच्या अगदी शेजारी. खालच्या मजल्यावर एचएएलमधून निवृत्त झालेले एक अंकल राहायचे. मी बेंगळुरू एफसीचा निळा शर्ट घालून जिना उतरताना त्यांनी मला पहिल्यांदा हटकलं ते फुटबॉलवरूनच. एचएएलचा संघ आय-लीगमध्ये होता, हे मला ठाऊक होतं. त्याची गोष्ट त्यांच्याकडून कळली. २०१०मध्ये सेकंड डिव्हिजनमधून वर आले, २०११-१२मध्ये शेवटचे राहून खाली गेले. कारखान्याची पाळी संपवून अशोकनगरच्या फुटबॉल स्टेडियमवर धावत जाणारी माणसं एका वर्षात पांगली. २०१३मध्ये बेंगळुरू एफसी निघाला, त्याच स्टेडियमवर खेळायला लागला, आणि पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकला, तेही फातोर्ड्यात धेंपोला ४-२ हरवून. अंकल म्हणाले, "आम्हाला आयुष्यभरात मिळालं नाही ते ह्या पोरांनी एका वर्षात आणलं. रागावू की नाचू, कळेना. मग नाचलो."

त्यांच्याबरोबर मी आता आयएसएलमध्ये खेळणाऱ्या बेंगळुरू एफसीचे सामने बघायला कांतीरवा स्टेडियमवर जायला लागले. कबन पार्क मेट्रोला उतरायचं, कस्तुरबा रोडने चालत जायचं, वाटेत चुरमुरीचा कागदी शंकू घ्यायचा. स्टँड आणि मैदान यांच्यामध्ये धावपट्टी आहे, त्यामुळे खेळ थोडा लांबून दिसतो. पण वेस्ट ब्लॉक ब्लूज या पाठीराख्यांच्या गटाचा ढोल सुरू झाला की ते अंतर जाणवत नाही. मला त्या वर्षांत सगळंच जास्तीचं मिळाल्यासारखं वाटायचं. तळाची रेघ बघत मोठी झालेली मी, आणि इथे प्रश्न असायचा पहिला की दुसरा. मार्च २०१८मध्ये आयएसएलचा अंतिम सामना घरच्या मैदानावर चेन्नईयनकडून २-३ने गेला. पुढच्याच मार्चमध्ये मुंबईत राहुल भेकेने ११७व्या मिनिटाला हेडरने गोल केला आणि आम्ही गोव्याला हरवून आयएसएल जिंकलो. मुंबईकर पोराच्या डोक्याने, मुंबईच्या मैदानावर. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "भेके चांगलाच आहे गं." एवढंच.

मग ओहोटी लागली. सातवा, सहावा. २०२२मध्ये ड्युरँड कप आला, मार्च २०२३मध्ये आयएसएलचा अंतिम सामना पेनल्टीवर हरलो, आणि वाटलं आता परत वर. पण ८ डिसेंबर २०२३च्या शुक्रवारी मुंबई सिटीने कांतीरवावर येऊन ४-० हरवलं. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक सायमन ग्रेसन यांना निरोप देण्यात आला. त्यांच्या जागी आले जेरार्ड झारागोझा. २०१८-१९च्या विजेत्या संघात कार्लेस क्वाद्रात यांचे सहायक म्हणून ते इथे काम करून गेले होते.

आणि खेळ बदलला. गोलकिक पाहिली तरी तो बदल कळायचा. पूर्वी आमचा गोलरक्षक गुरप्रीत चार पावलं मागे जाऊन चेंडू थेट मैदानाच्या पलीकडच्या अर्ध्यात धाडायचा. तिथे उंच माणसांची झटापट, पडलेल्या चेंडूवर धावाधाव. आता दोन सेंटर बॅक त्याच्या दोन्ही बाजूंना, स्वतःच्या पेनल्टी बॉक्सच्या आत उभे. समोरून प्रतिस्पर्ध्याचे दोन-तीन जण अंगावर धावून येतायत, आणि गुरप्रीत पाच यार्डांवर हलकासा पास देतो. बचावपटू तो परत त्याच्याकडे देतो. मधला खेळाडू पाठमोरा खाली येतो, चेंडू घेतो, एका स्पर्शात बाजूला देतो. हे जमलं तर प्रतिस्पर्ध्याची तीन माणसं मागे पडतात आणि समोर अर्धं मैदान मोकळं. नाही जमलं तर गोल.

त्या हिवाळ्यात ते बऱ्याचदा जमत नव्हतं. गुरप्रीतने शॉर्ट पास दिला की सगळा स्टँड श्वास रोखायचा, आणि दुसरा पास मागे गेला की आरडाओरडा. "मुंदे हाको!" म्हणजे पुढे टाक. माझ्या मागच्या रांगेतला एक कॉलेजचा मुलगा तर प्रत्येक बॅकपासला उठून उभा राहायचा आणि हात पसरून सगळ्यांकडे बघायचा, जणू आम्हीच तो पास दिलाय. माझ्या मनात वेगळाच गोंधळ होता. मी जमीलच्या शाळेत शिकलेली. माझ्या अंगात लांब चेंडू मुरलेला. संकटात सापडलास तर चेंडू बाहेर मार, हे मला धर्मासारखं पटलेलं होतं. आणि दुसरीकडे आधीचे प्रशिक्षक रोका आणि क्वाद्रात यांच्या संघांनी मला पासिंगची चटक लावलेली. त्यामुळे चिडताना मी नक्की कशावर चिडतेय, हा प्रश्न मला पडायचा. पद्धतीवर, की पद्धत अजून न जमणाऱ्या आपल्याच पोरांवर?

११ एप्रिल २०२४ला मोहन बागानकडून घरी ४-०. ढोल वाजत होता, पण मध्यंतरानंतर रांगा मोकळ्या व्हायला लागल्या. मला राहून राहून एक गोष्ट सलत होती: या घसरणीला तळच नव्हता. कूपरेजला शेवटच्या काही आठवड्यांत माणूस माणसाला धरून होता. कोण कुठे हरलं, कोणाला किती गुण हवेत, याची आकडेमोड अनोळखी लोक एकमेकांबरोबर करायचे. इथे दहावं येण्याने कोणाचंच काही बिघडत नव्हतं, म्हणून काही जमतही नव्हतं. मी अंकलना तसं म्हटलं. त्यांनी मान हलवली. "नोडम्मा," ते म्हणाले, "भीती हवी हे खरं. पण आमच्या एचएएलला भीतीने वाचवलं नाही. आणि हे पोरगे पुढच्या वर्षी दिसतील. आमचे दिसले नाहीत."

त्यांचं म्हणणं मला उन्हाळाभर पुरलं. मेमध्ये आमच्या सुनील छेत्रीने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली, ६ जूनला कुवेतविरुद्ध कोलकात्यात शेवटचा सामना खेळला. क्लबसाठी मात्र तो खेळत राहणार होता. क्लबने मुंबई सिटीकडून तिघांना आणलं: होर्हे परेरा दियाज, अल्बर्तो नोगेरा आणि परत आलेला राहुल भेके. पेद्रो कापो, एदगार मेंडेस हे स्पॅनिश खेळाडूही आले. प्रशिक्षक तोच ठेवला. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दहावा आलेल्या संघाने प्रशिक्षकाला हाकललं नाही आणि लांब चेंडूकडे परत वळला नाही. रेलिगेशन असतं तर हे धैर्य त्यांना झालं असतं का, याचं उत्तर मला सोपं जात नाही. मी रेलिगेशनच्या बाजूची आहे. तरी इथे, या एका वेळी, जगण्याची धास्ती नसल्याचा फायदा झाला हे मला मान्य करावंच लागतं.

सप्टेंबर २०२४ची सुरुवात ईस्ट बंगालविरुद्ध १-०. गोल अकादमीतून आलेल्या विनीत वेंकटेशचा. मग हैदराबाद ३-०. आणि २८ सप्टेंबरच्या शनिवारी मोहन बागान, तेच, पाच महिन्यांपूर्वी चार गोल मारून गेलेले. ३-०! मेंडेस, सुरेश वांगजाम, छेत्रीची पेनल्टी. पण मला त्या रात्रीचे गोल कमी आठवतात. आठवतो तो पहिल्या अर्ध्यातला एक क्षण. गुरप्रीतकडे चेंडू, बागानचे पुढचे खेळाडू धावत आलेले, आणि गुरप्रीतने शॉर्टच दिला. स्टँडमधून "मुंदे हाको" आलं नाही. कापोने खाली येऊन चेंडू घेतला, वळला, डावीकडे रोशनला दिला, आणि त्या साध्या तीन पासांना टाळ्या पडल्या. गोल नाही, शॉटसुद्धा नाही. मागच्या रांगेतला तो मुलगा या वेळीही उठला होता, पण टाळ्या वाजवायला. लोक खेळ वाचायला शिकले होते. प्रतिस्पर्धी किती जण पुढे आले, मागे किती जागा सुटली, हे आता वीस रुपयांचा चहा हातात धरलेल्या माणसालाही दिसत होतं.

पुढे सगळं सरळ गेलं असंही नाही. डिसेंबरमध्ये चाळिशीतल्या छेत्रीने केरळ ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक केली, ४-२ जिंकलो, शहर डोक्यावर घेतलं. जानेवारीत नवख्या मोहम्मेडनकडून घरच्या मैदानावर शेवटच्या मिनिटांत फ्री किकवर हरलो, आणि परतीच्या मेट्रोत लगेच जुनं बोलणं सुरू. "हे पासिंग-बिसिंग पुरे आता." सहा महिन्यांत शिकलेलं एका रात्रीत विसरलं जातं, हा पाठीराख्याचा स्वभाव आहे. मीही त्या डब्यात होते, आणि गप्प होते. तरी दहाव्या नंबरच्या वर्षातला राग आणि हा राग एक नव्हते. तेव्हा लोक "हे असंच चालायचं" म्हणत होते, आता "आपण असं कसं खेळलो?" विचारत होते. दुसऱ्या प्रश्नात संघाकडून अपेक्षा होती.

तिसरे आलो. बाद फेरीचा सामना २९ मार्च २०२५ला कांतीरवावर, मुंबई सिटीविरुद्ध. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. आई-बाबा पाडव्याला माझ्याकडे आले होते. बाबांना मी विचारलं, "येणार का?" ते म्हणाले, "मुंबई हरताना बघायला?" आणि चप्पल घातली. आठ वर्षांनी ते फुटबॉल बघायला मैदानात आले. अंकलच्या शेजारी त्यांना बसवलं. दोघांची भाषा म्हणजे मोडकी हिंदी आणि खेळाडूंची नावं, पण तेवढ्यावर त्यांचं छान जमलं. सुरेशने नवव्या मिनिटाला गोल केला. मग मेंडेस, रायन विल्यम्स, छेत्री, शेवटी दियाज. पाच-शून्य. डिसेंबर २०२३चे चार गोल फिटले.

चौथ्या गोलानंतर बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "जमीलला हा खेळ आवडला नसता. पण त्याने यांना दोन गोलांवर रोखलं असतं." ते खरोखर विचारपूर्वक बोलत होते. मग थोड्या वेळाने, गुरप्रीतने पाच यार्डांवर पास दिला तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि चेंडू मध्यरेषेपलीकडे पोचल्यावर सोडला. सकाळी गुढी उभारताना ते अंकलना सोबत घेऊन आले, आणि श्रीखंड खाताना दोघं मिळून आदल्या रात्रीचा पहिला गोल चमच्यांनी टेबलावर मांडत होते.

गोव्याविरुद्धची उपांत्य फेरी घरी २-० जिंकून फातोर्ड्यात जवळजवळ घालवली, आणि भरपाई वेळेत छेत्रीच्या हेडरने वाचवली. अंतिम सामना १२ एप्रिलला कोलकात्यात सॉल्ट लेकवर. आघाडी घेऊन जादा वेळेत २-१ हरलो. हार लागली. पण एप्रिल २०२४च्या त्या रिकाम्या रांगांनंतर एका वर्षात आम्ही अंतिम सामन्यातल्या जादा वेळेसाठी रडत होतो. कोणत्या जागेवर रडावं, याचंही एक प्रमोशन असतं, आणि ते आम्हाला मिळालं होतं.

मग तो उन्हाळा आला. लीग चालवण्याचा हक्ककरार डिसेंबरमध्ये संपणार होता, त्याच्या नूतनीकरणाचा घोळ झाला, आणि जुलै २०२५मध्ये आयएसएलच थांबवल्याचं जाहीर झालं. ऑगस्टच्या सुरुवातीला बेंगळुरू एफसीने मुख्य संघातले खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. मी ती बातमी ऑफिसात वाचली आणि मला २०१७चं आमचं गिरगावचं घर आठवलं. बाबांचा फोन आलाच. "पुन्हा तेच का गं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहावं येणं मी सोसलं होतं, अंतिम सामना हरणं सोसलं होतं. पुढचा हंगाम नसणं सोसण्याची मला या वेळी अजिबात तयारी नव्हती, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

त्या महिन्यांत अंकल आणि मी रेलिगेशनवर खूप भांडलो. २०१९मध्ये क्वालालंपूरला ठरलेल्या आराखड्यात २०२४-२५पासून प्रमोशन आणि रेलिगेशन दोन्ही येणार होते. प्रमोशन आलं, पंजाब एफसी आणि मोहम्मेडन त्याच दारातून वर आले. रेलिगेशन मात्र त्या हंगामातही आलं नाही. अंकलना ते इतक्यात नको आहे. मला हवंय, पण एका अटीवर: खाली गेलेल्या क्लबला खालच्या लीगमध्ये निदान दोन वर्षं जगता येईल एवढा पैसा आणि टीव्हीवर जागा असली पाहिजे. मुंबई एफसीला मैदानावरच्या पराभवाने संपवलं, असं मी मानत नाही. खाली उतरायला जिना होता, उतरल्यावर उभं राहायला जमीन नव्हती. अंकल म्हणतात, जमीन आधी बांधा, मग जिना उघडा. यावर आमचं एकमत आहे. भांडण आहे ते जमीन कोण बांधणार यावर.

जानेवारी २०२६मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की लीग १४ फेब्रुवारीला सुरू होणार, चौदाही संघ खेळणार. मी बाबांना लगेच कळवलं. ते म्हणाले, "वेळापत्रक आलं की मला पाठव. आणि तुमच्या त्या अंकलना सांग, माझ्यासाठी एक जागा धरून ठेवा, त्यांच्या उजव्या बाजूची. उजव्या कानाने मला कमी ऐकू येतं."